'सुवर्णसंधी! सुवर्णसंधी!' आणि जाहिरातीचं खरं शिक्षण



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाखाली जाहिरातलेखन असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. कोणत्याही शाळेतल्या दहावीच्या चार वह्या उघडून बघा. पट्टीने आखलेली चौकट, वर 'सुवर्णसंधी! सुवर्णसंधी!', मधोमध दुकानाचं नाव, खाली 'त्वरा करा', 'आजच भेट द्या' आणि अगदी तळाला 'आमची कोठेही शाखा नाही'. छत्र्यांचं दुकान असो, शाडूच्या गणपतींचं असो की उन्हाळी संगणक वर्ग असो, जाहिरात तीच. त्याला गुणही मिळतात, त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

मी प्राथमिकला शिकवते. मग दहावीच्या वह्यांवर मी कशाला बोलतेय, असं वाटेल. पण ही चौकट दहावीत येत नाही. तिसरी-चौथीत 'माझी शाळा'च्या दहा ओळी फळ्यावर येतात आणि चाळीस वह्यांत जशाच्या तशा उतरतात, तिथून ती सुरू होते. आणि या चौकटीची किंमत मुलांना पुढे कुठे मोजावी लागते, ते मला हल्ली एका वेगळ्याच अभ्यासक्रमाकडे बघताना कळू लागलंय. तो म्हणजे मार्केटिंग कम्युनिकेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम.

बरेच पालक विचारतात, "मॅडम, पोरगी बी.कॉम. झाली, आता जाहिरातीचं काहीतरी करायचं म्हणते. हे नाटक-सिनेमावाल्यांचं असतं का?" तर थोडी माहिती देते. एखादी वस्तू, सेवा किंवा सरकारी योजना लोकांपर्यंत कशी पोहोचवायची, कुणाला काय सांगायचं, कोणत्या भाषेत, कोणत्या माध्यमातून आणि किती पैशात, याचा हा अभ्यास. अहमदाबादची मायका ही संस्था १९९१ मध्ये मुद्रा या जाहिरात कंपनीने उभी केली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारातली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ पासून आहे. पुण्यात लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसची माध्यमसंस्था आहे, तिथे कम्युनिकेशन मॅनेजमेंटमध्ये एमबीए होतं. दिल्लीची आयआयएमसी ही सरकारी संस्था १९६५ ची, तिथे जाहिरात आणि जनसंपर्काची पदव्युत्तर पदविका मिळते. म्हणजे हे काल-परवाचं फॅड नाही.

मायकाची मायकॅट ही स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. कॅट, झॅटसारख्या परीक्षेचे गुण लागतात ते वेगळेच. मायकॅटमध्ये गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान तर आहेच, पण एक वर्णनात्मक भाग असतो. त्यात एकमेकांशी संबंध नसलेली चार चित्रं देऊन त्यांना जोडणारी गोष्ट लिहायला लावण्याची पद्धत आहे. हे वाचलं आणि मला हसूच आलं. चित्रवाचन! चित्र बघ आणि गोष्ट सांग! जे काम आपण पहिली-दुसरीत करून घेतो, किंवा 'वेळ नाही, अभ्यासक्रम संपवायचाय' म्हणून सोडून देतो, तेच बाविसाव्या वर्षी घड्याळ लावून विचारतात. आणि पदवी मिळवलेली मुलं तिथे अडतात, कारण चार चित्रांची तयार गोष्ट कुठल्याही गाइडमध्ये नसते.

आमच्या शाळेतून चौथी करून गेलेली एक मुलगी सध्या असा अभ्यासक्रम करतेय. तिची ओळख कळायला नको म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. रविवारी तिचा फोन येतो आणि तासभर चालतो. तिच्याकडून ऐकलेलं तिथलं विद्यार्थीजीवन सांगते, कारण संस्थांच्या चकचकीत माहितीपत्रकात टेकडीवरचं वसतिगृह आणि हसरे चेहरे असतात, दिवस कसा जातो ते नसतं.

सकाळी नऊला तास. पण तासाला जाण्याआधी 'केस' वाचून जायची असते. केस म्हणजे एखाद्या खऱ्या कंपनीपुढची अडचण, दहा-पंधरा पानांची, इंग्रजीत. वर्गात सर ती समजावून सांगत नाहीत. आल्या आल्या एखाद्याकडे बोट दाखवून विचारतात, "तुम्ही त्या मॅनेजरच्या जागी असता तर काय केलं असतं?" या बोलण्याला गुण असतात. गप्प बसणाऱ्याला शून्य. ती म्हणाली, "बाई, पहिला महिना मी शून्यच. उत्तर यायचं, पण मत विचारलं की घसा कोरडा." आता बघा, आपल्या वर्गात न बोलणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात आपण 'शांत व गुणी' असा शेरा लिहितो. पालकही तो शेरा कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतात.

दुपारी संख्याशास्त्र, ग्राहक संशोधन, मीडिया प्लॅनिंग. हे ऐकून काही पालक दचकतील, पण जाहिरातीत गणित भरपूर आहे. एक उदाहरण देते. टीव्हीवरची जाहिरात ठरवलेल्या प्रेक्षकांपैकी ६० टक्के लोकांनी पाहिली आणि त्यांनी ती सरासरी ३ वेळा पाहिली, तर ६० गुणिले ३ म्हणजे १८० जीआरपी झाले. या जीआरपीवर पैशांचे हिशेब होतात. गुणाकार चौथीचा आणि टक्केवारी सहावी-सातवीची. अवघड पुढचा प्रश्न असतो: ९० टक्के लोकांनी २ वेळा पाहिली तरी १८०च येतात, मग तुमच्या वस्तूसाठी यातलं कोणतं १८० चांगलं? साबण सगळ्यांना माहीत आहे, त्याला कुठलं? कालच बाजारात आलेल्या औषधी तेलाला कुठलं? इथे पाढे पुरत नाहीत.

मग संध्याकाळी जाहिरात कंपनीतल्या एखाद्या पाहुण्याचं व्याख्यान. रात्री जेवण झाल्यावर गटाची बैठक, ती बारा-एकपर्यंत. जवळजवळ सगळी कामं गटात असतात आणि गट स्वतः निवडायचा नसतो. दिल्लीचा इंजिनिअर, कोलकात्याची इंग्रजी साहित्यवाली, सुरतच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा आणि आपली तालुक्याची बी.कॉम. कामानंतर गटातले सभासद एकमेकांना गुण देतात. आपल्याकडचा गटप्रकल्प आठवा. एक करतो, चौघं सही करतात, आणि थर्माकोल आणायला बाबा जातात. तिथे बाबा नसतात.

तिची किराणा दुकानाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या सत्रात त्यांना काम दिलं होतं, की वस्तीतल्या किराणा दुकानात दोन तास उभं राहा आणि गिऱ्हाईक काय बोलतं ते लिहून आणा. तिच्या गटातल्या शहरी मुलांनी ब्रँडची नावं लिहिली, किती जणांनी कोणता साबण घेतला त्याचा तक्ता केला. हिने लिहिलं, की बायका वस्तूचं नाव आधी घेत नाहीत, आधी रक्कम सांगतात. "दहाचं तेल द्या", "पाचची चहापत्ती", "वीसची डाळ". तिला ते दिसलं, कारण रोजंदारीच्या घरात रोज संध्याकाळी हातात येणाऱ्या पैशातून रोजचा बाजार होतो, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. गटातल्या सगळ्यांना ते फार आवडलं. सादरीकरणाच्या दिवशी मात्र तो मुद्दा इंजिनिअर मुलाने झकास इंग्रजीत मांडला, सरांनी वर्गासमोर त्याचं कौतुक केलं आणि ही कडेला स्लाइड बदलत उभी होती.

त्या रविवारी ती फोनवर फार बोलली नाही. पुढच्या कामाच्या वेळी मात्र तिने गटाला सांगितलं, की सुरुवातीची दोन मिनिटं मी बोलणार. आधी मराठीत लिहून काढलं, मग सोप्या इंग्रजीत केलं, खोलीतल्या मैत्रिणीपुढे आठ वेळा म्हटलं. दोन मिनिटांत तिचं इंग्रजी दोनदा अडखळलं आणि सरांनी तिला पुढचा प्रश्न विचारला. ती सांगत होती, "बाई, कौतुक नको होतं मला, प्रश्न हवा होता."

मला यातून एक गोष्ट ठामपणे वाटते. या मुलीकडे जे होतं ते विकत मिळत नाही. लोक कसे जगतात ते बघण्याची नजर आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहिण्याची सवय तिच्याकडे होती. जाहिरातीच्या भाषेत याला 'इनसाइट' म्हणतात, म्हणजे माणूस असं का वागतो याचं आतलं कारण. या शिक्षणातला अर्धा वेळ या कारणाच्या शोधात जातो. सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी चाळिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. अलिक पदमसींनी ती स्वतःच्या आईकडे बघून रचली होती. पैसे असूनही भाजी घेताना घासाघीस करणारी आई त्यांनी घरात पाहिली होती. २०१३ च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाईफबॉयने सुमारे २५ लाख पोळ्यांवर 'हात धुतले का' असा हिंदीतला प्रश्न गरम ठशाने उमटवला होता. मोठमोठे फलक लावण्यापेक्षा घास हातात घेण्याचा क्षण त्यांनी पकडला. शालेय पोषण आहाराच्या रांगेत रोज "हात धुतले का रे?" ओरडणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही कल्पना लगेच पटावी!

आणि भाषेबद्दल. इंग्रजी लागतं, हे सरळ सांगते. वाचन इंग्रजीत, सादरीकरण इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. 'मातृभाषेत शिकला की सगळं आपोआप जमतं' असं म्हणून कुणी पालकांची फसवणूक करू नये. पण इंग्रजी नाही म्हणून हे क्षेत्र आपलं नाही, असं समजणंही तितकंच चूक. पीयूष पांडे हे नाव घ्या. जयपूरचा माणूस, राजस्थानकडून रणजी खेळलेला, काही काळ चहा चाखण्याची नोकरी केलेला. १९८२ मध्ये ते ओगिल्वी या कंपनीत गेले, तेव्हा जाहिराती इंग्रजीत सुचायच्या आणि मग त्यांची भाषांतरं व्हायची. पांडे यांनी हिंदीत विचार करून लिहायला सुरुवात केली. पुण्याच्या कायनेटिकच्या लूनाची ती सगळ्यांच्या तोंडी बसलेली ओळ त्यांचीच. फेव्हिकॉलच्या जाहिराती त्यांच्याच, आणि आपण शिक्षकांनी ज्या पोलिओच्या रविवारी बूथवर ड्यूटी केली, त्या मोहिमेची 'दो बूंद' ही हाकही त्यांचीच. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा ज्यांना त्यांचं नावही माहीत नव्हतं, त्यांनाही त्यांच्या ओळी पाठ होत्या.

आपल्याकडचे र. कृ. जोशी घ्या. कोल्हापूरचे, जे. जे. मध्ये शिकलेले, उल्का या जाहिरात कंपनीत काम केलेले. संगणकावर आपण माहिती भरताना जो 'मंगल' फॉन्ट वापरतो तो त्यांनी घडवलाय. (ऑनलाइन माहिती भरण्याचा वैताग आला की फॉन्टला शिव्या देऊ नका, एवढीच विनंती.)

फोनवर ती खोडाखोडीबद्दलही सांगते. मथळे लिहायला देतात, एका वस्तूसाठी तीस-चाळीस. दुसऱ्या दिवशी सर भिंतीवर चिकटवलेल्या कागदांसमोरून चालत जातात आणि एकेक ओळ खोडत जातात. कारण एकच असतं: "ही ओळ कुठल्याही वस्तूला चालेल." हिची 'आता प्रत्येक घरात आनंद' ही ओळ पहिल्याच फेरीत गेली. प्रत्येक घरात आनंद चहाला चालतो, पंख्याला चालतो, बँकेलाही चालतो. मग उरलेल्या ओळींतून पुन्हा दहा नव्या लिहायच्या. ती म्हणाली, "शाळेत फुली मारली की विषय संपायचा. इथे फुलीनंतर काम चालू होतं." 'सुवर्णसंधी' कुठल्या भिंतीवर टिकली असती सांगा.

पैशांचं बोलायलाच हवं, कारण कर्जाच्या कागदावर सही आई-बापाची असते. नावाजलेल्या खाजगी संस्थांत दोन वर्षांचा खर्च, वसतिगृह आणि लॅपटॉप धरून, सहज पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. सरकारी संस्थेत तो फार कमी असतो, पण जागाही मोजक्या असतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होत असला तरी व्याज आधीपासूनच चालू असतं, हे बँकेत स्पष्ट विचारून घ्या. आणि संस्था जेव्हा 'सरासरी पगार' सांगते, तेव्हा आपल्या दहावीच्या सांख्यिकीचा धडा आठवा. समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला ६ लाख मिळाले आणि एकाला ४६ लाख. सरासरी निघते १० लाख. पण दहापैकी नऊ जणांना १० लाख मिळालेलेच नाहीत! मध्यक काढला तर ६ येतो. म्हणून संस्थेला सरासरी विचारू नका, मध्यक विचारा, आणि किती मुलांना नोकरी लागली तो आकडाही मागा. सांगायला टाळाटाळ केली तर काय ते समजा.

माझं मत विचाराल, तर गुणपत्रिका आणि 'मुलगी खूप बोलकी आहे, जाहिरातीत चमकेल' या दोन गोष्टींवर एवढं कर्ज काढू नये. बोलकेपणा वेगळा. मुलगी ऐकते का? बाजारातून आल्यावर कोण काय म्हणालं ते सांगते का? तिने लिहिलेलं कुणी बदलायला सांगितलं तर वही आपटते की दुसरं लिहून आणते? अनोळखी माणसाला जाऊन प्रश्न विचारायला तिला आवडतं का? यातलं काहीच नसेल तर पहिले सहा महिने फार जड जातात. तिच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही, आणि भरलेल्या फीचं काय झालं हे कुणी विचारायला धजावलं नाही.

कुणी म्हणेल, लोकांना नको त्या वस्तू गळ्यात मारायला शिकवणारं हे शिक्षण, त्याचं एवढं कौतुक कशाला? हा आक्षेप खोटा नाही. माझ्याच वर्गात पाच रुपयांच्या चमचमत्या पाकिटांनी डबे मागे टाकलेत. पण जाहिरातींनाही नियम आहेत. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नजर ठेवण्यासाठी एएससीआय ही संस्था १९८५ मध्ये काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात लहान मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. हे सगळं या अभ्यासक्रमात शिकवतात. आपण मात्र मुलांना पाकीट आणू नको एवढंच सांगतो. मी ते पाकीट फळ्याला चिकटवते आणि विचारते, हे कुणाशी बोलतंय? तुझ्याशी की तुझ्या आईशी? कशावरून? चौथीची मुलं पाच मिनिटांत सांगतात, की समोरचं कार्टून आमच्यासाठी आणि मागची बारीक अक्षरं कुणासाठीच नाहीत.

लेखनाचंही असंच करता येतं. तयार निबंध वाचायला हरकत नाही, मीही मुलांना वाचून दाखवते. पण वाचून झाला की तो मिटायचा आणि मुलांना ज्याच्यासाठी लिहायचंय तो माणूस द्यायचा. 'माझी शाळा' कुणासाठी? पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या आणि आत्तापासून रडणाऱ्या तुझ्या धाकट्या बहिणीसाठी. म्हणजे मग 'माझ्या शाळेची इमारत भव्य आहे' हे वाक्य आपोआप गळतं आणि 'पाण्याची टाकी उंच आहे, पण मी तुला उचलून घेईन' हे येतं.

यंदा परसबागेत मेथी जास्त आली. पोषण आहाराला पुरून उरली, म्हणून पालकसभेच्या दिवशी पाच रुपये जुडीने विकायचं ठरलं. जाहिरात चौथीने लिहायची. पहिल्या फेरीत बावीसपैकी पंधरा जणांनी 'ताजी ताजी मेथी' लिहिलं. मी म्हटलं, हे बाजारातली मावशीपण ओरडते. सभेला कोण येणार? आया येणार. मेथी बघून तुझी आई काय म्हणते? थोडा वेळ वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणते, आता ही निवडत कोण बसणार!"

फलकावर एवढंच लिहिलं: 'मेथी निवडून दिली आहे.' सभा संपायच्या आधी सगळ्या जुड्या गेल्या. त्यासाठी सकाळी दीड तास पोरं व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती, आणि गणिताचा तास बुडाला म्हणून फार खूश होती.